परराज्यासाठी अकरा जागा

१४ मे २०२५, बुधवार

भरला एकदाचा फॉर्म! चार तास गेले. साइट तीनदा बंद पडली. दक्षा शेजारी खुर्चीच्या टोकावर बसून होती – टेकून बस म्हटलं तरी बसेना.

सात वर्षं माझ्या वसतिगृहात राहिली ही मुलगी. सहावीत कैनाडहून आली तेव्हा जेवायचीच नाही. मी अधीक्षिका, मला तेव्हा धड रागावताही येत नव्हतं. दोघी एकदमच शिकलो म्हणायचं. यंदा बारावीला गणितात ९४! आणि गणिताचे सर डिसेंबरातच बदली होऊन गेलेले. पुढचं तिचं तिने केलं.

गुजरातमधलं सरकारी विद्यापीठ. गणिताचा पाच वर्षांचा कोर्स. मुंबई-पुण्याला तिची आई रखमी पाठवायला तयार नाही, पण हद्दीपलीकडे दक्षाची आत्या राहते, म्हणून गुजरात तिला आपलं वाटतं. परराज्यातल्या सगळ्या मुलांना मिळून जागा अकरा. अकराच!

मोबाइल नंबर माझा दिला. त्यांच्याकडे एक साधा फोन आहे, त्यालाही पाड्यात रेंज नाही. पासवर्ड दोघींनी मिळून ठरवला. दक्षा म्हणाली, 'लिहू नका मॅडम, पाठ करा.'

१७ मे, शनिवार

जातीचा दाखला चालत नाही. हेल्पलाइनवरचा माणूस – 'बेन, महाराष्ट्र का एसटी यहाँ नहीं चलेगा. ओपन में भरो.'

दक्षाला सांगितलं. तिने फॉर्म पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. मग, 'पण आत्याच्या मुलीला चालतो ना?'

चालतो. तलासरीच्या पुढे हद्द लागते. अलीकडे-पलीकडे तीच माणसं, तीच बोली, पोरी इकडून तिकडे दिलेल्या.

ओपनमध्ये भरला.

८ जून, रविवार

सुरतला परीक्षा झाली. पहाटे तलासरीहून बस पकडली. तीन तास मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी. बाकीच्या मुलांचे आईबाप गाड्यांत एसी लावून बसले होते. एकीने विचारलं, 'आप की बेटी?' मी हो म्हणून टाकलं.

बाहेर आली ती हसतच. 'दोन सोडली मॅडम, येत नव्हती. एक येत होतं, वेळ संपला.' परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. वापी आली तरी मी खांदा हलवला नाही.

आम्हाला मूल नाही. असो.

३० जून, सोमवार

पहिली यादी. वेटिंग – ६.

७ जुलै, सोमवार

दुसरी यादी. वेटिंग – १!

दक्षा लावणीतून तशीच आली, पायाला चिखल. मला म्हणते, 'कोणीतरी एक नको म्हणेल ना मॅडम?' म्हटलं, म्हणेल गं! अकरांत एक तरी असतोच. चहा केला. हेसुद्धा खूश. म्हणाले, 'गेली की तिथून आम्हाला गणिताचं पोस्टकार्ड टाक.' ती लाजली.

आता मेसेज येईल. तीन दिवसांत जागा नक्की करायची, नाहीतर पुढच्याला जाते.

१४ जुलै, सोमवार

कुठून लिहू.

बुधवारी संध्याकाळी ह्यांना चारोटी नाक्यावर टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. कासाहून अ‍ॅम्ब्युलन्सने वापीला. मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. ऑपरेशन, सळई, रक्ताच्या बाटल्या. आता धोका नाही म्हणतात.

माझा फोन घरी चार्जिंगला राहिला. ह्यांचाच वापरत होते.

आज कपडे न्यायला घरी आले. फोन हातात घेतला. मेसेज गुरुवारचा, दहा तारखेचा. जागा मिळाली! शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत लॉगिन करून नक्की करा.

आज सोमवार.

हेल्पलाइन लावली. नंबर दोनदा चुकला. 'बेन, टाइम खतम हो गया. वो सीट दूसरे को चली गई.' मी अपघात सांगितला. ऑपरेशन सांगितलं. रडले. तो भला माणूस होता, ऐकून घेतलं सगळं. शेवटी म्हणाला, 'मैं क्या करूँ बेन, सिस्टम बंद है.'

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. शुक्रवारी मला फोनची आठवण झाली होती. दीर सुनील डबा आणायला कासाला निघाला होता. किल्ली द्यायची आणि सांगायचं – तेवढा माझा फोन आण रे. तोंडावर आलं होतं. वाटलं, राहू दे, त्याला आणखी एक काम कशाला.

१५ जुलै, मंगळवार

दक्षाला कळवलेलं नाही.

१९ जुलै, शनिवार

ह्यांना घरी आणलं. दुपारी दक्षा आली. पिशवीत कंटोळीची भाजी – डोंगरावरून स्वतः काढलेली. ह्यांच्या उशाशी बसली. 'सर, दुखतं का?' ह्यांना काहीच माहीत नाही, ते आपले टेम्पोवाल्याची गोष्ट रंगवून सांगत होते.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. ठरवलं होतं सगळं सांगायचं. तोंडातून काय निघालं? 'दक्षा, नाही गं लागला नंबर. वेटिंग पुढे सरकलंच नाही.'

खोटं! धडधडीत खोटं! तेही त्या मुलीशी.

ती कंटोळी निवडत होती. मान वर केली नाही. 'असू दे मॅडम. तुम्ही सरांकडे बघा.'

जाताना भांडी घासून गेली. नको म्हटलं तरी.

२० जुलै, रविवार

जेवण गेलं नाही. हे विचारतात, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय.

२७ जुलै, रविवार

कैनाडला गेले. ह्यांच्याजवळ सुनीलला बसवलं. जीपमधून उतरून अर्धा तास चालत. खरं सांगायचं, मग ती काय बोलायची ते बोलो.

सगळी शेतात. दक्षा रोपांच्या मुठी टाकत होती, बाप चिमण चिखलणी करत होता. मला बघून रखमी बांधावर आली. ती सगळ्यांना तूच म्हणते, तहसीलदारालाही. 'मॅडम, तू कशाला आली चिखलात? नवऱ्याला सोडून?' कोरा चहा दिला. मग म्हणाली, 'तू लय केलं माझ्या पोरीसाठी. तिच्या नशिबातच नाय, त तू काय करशील?'

चहा प्यायले आणि कप मीच विसळून ठेवला.

दक्षा मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मी चारदा सुरुवात केली. 'दक्षा, मला तुला एक–' की ही लगेच, 'मॅडम, तो बघा बगळा!' नाहीतर, 'सरांना काठी घेतली का?' नाहीतर, 'वसतिगृहात हिरीला गणित जमतं का आता?' एवढी बडबडी ती कधीच नव्हती. शेवटी म्हणाली, 'एक तारखेपासून तलासरीला कंपनीत जाणार. पॅकिंगला. गाडी नाक्यावर येते न्यायला.'

'आणि कॉलेज?'

'पुढच्या वर्षी बघू.'

जीप आली. मी बसले. काही न सांगता परत आले मी!

३ ऑगस्ट, रविवार

ह्यांना सांगितलं सगळं. ह्यांनी पायावरचं पांघरूण बाजूला केलं. मग, 'माझ्या पायापायी गेलं म्हण पोरीचं.' म्हटलं, तुमच्या पायाने नाही, माझ्या फोनने. वरण करपलं.

हे म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा भरता येईल. येईल. पण पॅकिंगला गेलेली एक तरी मुलगी परत आलेली मी पाहिली आहे का? सात वर्षांत? रूपी नाही. लक्ष्याची बहीण नाही. कोणी नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वसतिगृहातल्या हिरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होते. ओटीपी येईना, म्हणून मेसेज खालपर्यंत चाळले. जाहिरातींच्या गर्दीत विद्यापीठाचे ओटीपी. एक नाही, नऊ! शुक्रवार ११ जुलैचे चार. शनिवारचे पाच, शेवटचा ४ वाजून ५१ मिनिटांचा.

कोणी मागितल्याशिवाय ओटीपी येत नाही. आणि पासवर्ड आम्हा दोघींनाच पाठ.

त्याच दोन दिवसांत एका अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल होते. लावला. कासा बाजारातलं झेरॉक्सचं दुकान निघालं. मालक म्हणाला, 'हां, कैनाडची मुलगी ना? यादीत नाव होतं तिचं, मीच दाखवलं. पण ओटीपीचा नंबर तुमच्या फोनवर जायचा. दोन दिवस बसून होती माझ्याकडे. तुमच्या घरीपण जाऊन आली, कुलूप होतं. शेजाऱ्यांनी अपघाताचं सांगितलं तिला. मी म्हटलं, वापीला जा, मॅडमला गाठ. तर म्हणाली, नको, सर ऑपरेशनमध्ये आहेत.'

उद्या कंपनीची गाडी यायच्या आत मला नाक्यावर पोचायचं आहे.