कोरड्या नदीचा पूर

कुरंबेला सार्वजनिक वाचनालय,
सोमवार

प्रिय आयल्सामावशीस,

व्हेरिटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? बेटावरचं वारं मानवलं का? माझी तब्येत विचारू नकोस. घास उतरत नाही. (वजन मात्र वाढलंय, काळजीत लॅमिंग्टन केक फार जातात.)

तू इथून निवृत्त झालीस आणि सुटलीस. काउन्सिलचे डेंटनसाहेब म्हणतात, वाचनालयात माणसं येत नाहीत, सोशल मीडियावरही कुणी विचारत नाही. असंच चाललं तर पाचाऐवजी आठवड्याचे दोनच दिवस उघडायचं. म्हणजे माझी निम्मी नोकरी गेली, आणि क्लाइव्हकाकांनी पेपर वाचायला जायचं कुठे? उपाय म्हणून डेंटनसाहेबांनी मला एक साधन निवडायला सांगितलं. आपण एकदा लिहायचं, ते सगळ्या अकाउंटवर ठरल्या वेळी आपोआप टाकतं. तीन कंपन्यांची साधनं महिनाभर फुकट होती, मी तिन्ही घेतली. (फुकट ते पौष्टिक, हे तुझंच तत्त्व.) पहिल्यात नुसते आलेख. दुसरं तासातासाला माझं अभिनंदन करायचं, कशाबद्दल ते सांगायचं नाही. तिसऱ्यात एक बटण होतं, 'जुन्या लोकप्रिय पोस्ट पुन्हा टाका'. आयतं काम झालं म्हणून मी ते दाबलं.

आता आपली सर्वांत लोकप्रिय पोस्ट कोणती, हे तुला सांगायला नको. मोठ्या पुरात तूच लिहिली होतीस: 'नदी वाढतेय. वाचनालय उघडं आहे. पांघरुणं आणा. कुत्री चालतील.' शनिवारी सकाळी ती पुन्हा गेली. नदीत सध्या बदकाचं पोट भिजत नाही, पण आपलं गाव तुला ठाऊक आहे. पुराची सूचना आली की आधी वाचनालयाची टेकडी चढायची, कारण मग विचारायचं. दुपारपर्यंत वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पांघरुणं, कुत्री, पिंजऱ्यातली एक कोंबडी. मी दारात उभी राहून कबूल केलं की पूर नाही, चूक माझी आहे. क्लाइव्हकाका म्हणाले, "नाही तर नाही. एवढा चढलोय, आता लगेच उतरतोय होय? चहा टाक पोरी, आणि ते जहाजांचं पुस्तक काढ." सगळे संध्याकाळपर्यंत वाचत बसले. मी मात्र आत जाऊन रडले. काउन्सिलच्या नावानं पुराची खोटी सूचना, मावशी. नोकरी गेलीच समज.

इथेच थांबते. लोभ आहेच, या घोळानंतरही असू दे.

तुझी भाची,
व्हेरिटी

ता. क. खरं काम हे. ते बटण बंद करायला मालकिणीची, म्हणजे तुझीच, परवानगी लागते, आणि अकाउंट उघडताना तू स्वतःचा नंबर दिलास. तुझा फोन बिस्किटांच्या डब्यात बंद पडलेला, म्हणून हे पत्र. तो चालू कर आणि येईल तो सहा आकडी क्रमांक उलट टपाली कळव.

ता. क. २. तो क्रमांक दहाच मिनिटं चालतो, हे आत्ता वाचलं. तर मग फोनच कर, कारण रांगेत पुढची पोस्ट तुझ्या निरोपसमारंभाची आहे: 'अठ्ठावीस तारखेला चार वाजता आयल्साच्या हातचा पॅशनफ्रूट केक, सर्वांना आमंत्रण.'

ता. क. ३. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. डेंटनसाहेबांचा फोन आला, मी आधीच माफी मागून टाकली. पण ते म्हणाले, दारावरच्या यंत्रानं शनिवारी एकशे त्रेचाळीस जण मोजले, आठ वर्षांत इतके कधी नव्हते. (यंत्र कुत्रीही मोजतं, हे मी बोलले नाही.) एका दिवसाचं काही खरं नाही म्हणाले, पण या महिन्यात असंच आणखी एकदा जमलं तर पाचही दिवस राहतील. तेव्हा फोन डब्यातच राहू दे. तू ये, आणि केकचं मोठं भांडं काढ. 'कुत्री चालतील' एवढं मी वरून लिहिते.