वाजवणाऱ्याचं तोंड

आप्पा, मी बेळगावात चित्रकला शिकत होते तेव्हाचा एक रविवार आज दिवसभर डोक्यात आहे. सरांनी प्रत्येकाला एकेक छापील चित्र देऊन त्यावर लिहून आणायला सांगितलं होतं. माझ्या वाट्याला शंभरेक वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच चित्र आलं. नाटकगृहात रंगमंचाच्या खाली वादक बसलेत, मधला एकजण लांब लाकडी वाद्य फुंकतोय, वर उजेडात पोरी नाचतायत. पण चौकटीनं त्यांची डोकी कापलीत. चार दिवस बघून मी 'वेगळी मांडणी' एवढंच लिहिलं होतं. तशीच निपाणीला आले. तुम्ही आदल्या दिवशी वरातीत वाजवून दमला होता. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून क्लॅरिनेट पुसत बसलायत, आई भाकऱ्या थापतेय. मी चित्र पुढं केलं.

"ह्यो दमलाय गं," तुम्ही म्हणालात.

"कशावरून?"

"गाल बघ की. दम सरत आला की मगच असं फुगत्यात." मग बराच वेळ बघत राहिलात. "वरातीत समदी नवऱ्याकडं बघत्यात, आमच्याकडं कोण बघतंय? ह्यानं नाचणाऱ्यांची डोकी उडवली आन् वाजवणाऱ्याला तोंड दिलं. लई मोठ्या मनाचा माणूस असंल."

मी तेच सगळं पुस्तकी भाषेत लिहून नेलं. सरांनी भर वर्गात वाचून विचारलं, "हे तुझं नाही. कुठून आणलंस?" आजूबाजूला टिळकवाडीतल्या वकील-प्राध्यापकांची मुलं. माझे वडील कचेरीत आहेत, असं मी त्यांना सांगून ठेवलेलं. मी म्हणाले, "पुस्तकातून." सरांनी कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शीक.'

पुढच्या खेपेला तुम्ही दारातच विचारलंत, "मास्तर काय म्हणालं?"

"आवडलं त्यांना."

"माझं नाव सांगितलंस?"

"व्हय."

तुम्ही किती खूश झालात! आईला हाक मारून सांगितलंत. त्यानंतर कितीतरी वर्षं बँडमधल्या माणसांनाही सांगत होता, आमच्या पोरीच्या कॉलेजात माझं नाव झालंय म्हणून. मी कधी खरं बोलले नाही, आणि मग तुम्ही गेलात.

आता मीच शिकवते. आज तेच चित्र वर्गात दाखवलं, तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कुणी म्हटलंय?" या वेळी पुस्तकाचं नाव पुढं केलं नाही. "एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्यानं," म्हणाले.

माझे वडील, एवढं मात्र आजही म्हणाले नाही.