दोन मालकांच्या मधोमध

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईंना धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना सासूबाई तुमच्या खांद्याशी कान लावून उभ्या असतात, म्हणून हा कागद. इकडे सगळं ठीक आहे असं परवा सांगितलं, ते निम्मंच खरं होतं.

मी इथे डेंटल लॅबमध्ये आले ती दात घडवायला. दवाखान्यातून माप आलं की त्यावर कॅप, कवळी करायची. गेल्या हिवाळ्यात मालकांनी मशीन घेतलं आणि मला खोक्यांवर पत्ते चिकटवायला बसवलं. पगार तोच, म्हणून गप्प होते. पण माझ्या व्हिसावर कामाचं आणि मालकाचं, दोन्ही नावं छापलेली आहेत. बरोबरची एकजण म्हणाली, लिहिलंय एक आणि करतेस भलतंच, तपासणीला कुणी आलं तर तूच अडकशील. मग मी दुसरी लॅब शोधली. तिथल्या बाईंना माझं काम आवडलं. त्यांनी मालक बदलायच्या परवानगीचा अर्जही भरला.

इथपर्यंत बरं होतं. पण मी शहाणी, जुन्या मालकांना आधीच सांगून बसले. ते म्हणाले, मग उद्यापासून कशाला येतेस? आता जुन्याकडे काम उरलं नाही, आणि परवानगी येईपर्यंत नव्याकडे हात लावायचा नाही. असं किती दिवस चालतं विचारलं तर सरकारी फोनवरचा माणूस एक सांगतो, वकील दुसरं, आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी छातीठोकपणे तिसरंच. नकार आला तर गाशा गुंडाळायचा. यांनीसुद्धा, कारण हे माझ्याच व्हिसावर आले आहेत. मला धीर देतात आणि स्वतः नखं खात बसतात.

सासूबाईंना कळू देऊ नका. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
धाकटी


ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

बोळकांडीतल्या शिलाई मशीनवर बसून पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला समजलं ते असं, की तुझी नोकरी गेली पण तू बेकार नाहीस, आणि नवी लागली पण तू कामावर नाहीस. चुकत असेन तर कळव.

कळू देऊ नका म्हणतेस, पण पाकीट पडलं नेमकं सासूबाईंच्या हातात. मी म्हटलं, नोकरी बदलतेय. त्यांनी समोरच्या काकूंना सांगितलं, बढती मिळाली. काकूंनी जिन्यात सांगितलं, काढून टाकलं. संध्याकाळी भाजीवाला मलाच विचारतो, धाकट्या वहिनी कधी येताहेत?

जन्मात कुणाचं ऐकून न घेणारे भावोजी बायकोच्या व्हिसावर राहतात, हे वाचून मात्र हसू आवरेना. तू चिडवू नकोस, ते मी करीन.

नव्या बाईंकडे नुसतं जाऊन बसायलाही मनाई आहे का? घरात बसून डोकं फिरेल तुझं. आणि अगदीच नाही जमलं, तर इथे तरी काय वाईट आहे? हे आपलं सहज लिहिलं.

जेवणाची आबाळ करू नका. लोभ आहेच, तुझ्याकडूनही कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. ५ मार्च

ती. ताईंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, बघायला हरकत नाही, कशाला हात लावू नका. म्हणून बाईंकडे जाऊन बसू लागले.

काल एका गिऱ्हाइकाचा पुढचा दात तातडीने द्यायचा होता. रंग काही केल्या जमेना, नुसता खडूसारखा पांढरा दिसत होता. बाई घामाघूम. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, एवढी कड रंगव, कोण बघतंय? ताई, हात शिवशिवत होते हो. मी ते कोटाच्या खिशात घातले आणि नाही म्हणाले.

बाईंनी ब्रश टाकला. माझी अडचण जिला दिसत नाही तिचा मला काय उपयोग, म्हणाल्या, घरी जा.

आता घरी जा म्हणजे कालच्यापुरतं की कायमचं? अर्ज मागे घेतला असेल का? विचारायला फोन उचलते आणि खाली ठेवते. जेवताना हे म्हणाले, शाबास. भांडी घासताना म्हणाले, पण क्षणभराचंच काम होतं ना? मग आमचं भांडण झालं. मग दोघंही माळ्यावरच्या बॅगांकडे बघत बसलो.

मी बरोबर वागले की मूर्खासारखी, ते तुम्हीच सांगा. उत्तराची वाट बघते. विसरू नका.

तुमची,
धाकटी


ता. ३० मार्च

ती. ताईंना शि. सा. न. वि. वि.

परवानगी आली! फोन बाईंनीच केला, अगदी रोजच्या आवाजात, की सोमवारपासून ये. गेले, तर भिंतीकडेचं टेबल माझ्यासाठी रिकामं करून ठेवलेलं. दुपारी एक ट्रे समोर सरकवून एवढंच म्हणाल्या, तो दात परत आलाय, आता काढ हात खिशातून.

राग गेलाय की दडलाय, काही उमगत नाही. तुमचं उत्तर का नाही? तुम्ही तर रागावला नाहीत ना? असाल तरी जीव लावत राहा.

तुमची,
धाकटी


ता. ९ एप्रिल

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

रागावले नव्हते. तू बरोबर वागलीस हे वाचताक्षणी कळलं होतं. तेच लिहायला बसले आणि लिहवेना. उठले, आणि तुमची मागची खोली उघडली. गाद्या उन्हात टाकल्या, जळमटं काढली, कपाट पुसलं. देवापुढे उभी राहिले, तर काय मागावं तेच कळेना. तुमची परवानगी यावी, की तुम्हीच यावं? तू गेल्यापासून या घरात माझ्याबरोबर हसायला कुणी नाही गं.

काल दुसरं पत्र आलं तेव्हा मी त्याच खोलीत केरसुणी घेऊन उभी होते. आनंद झाला. रडूही आलं. तेवढ्यात सासूबाई दारात. त्यांना परवानगीचं सांगितलं. त्यांनी गाद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारणार, खोली कुणासाठी झाडलीस. तर म्हणाल्या, त्या बोळकांडीत शिवून शिवून डोळे जातील तुझे, मशीन इथे आण. आणि पदर खोचून स्वतःच एक बाजू धरली. इतकी वर्षं झाली, मला ही बाई अजून कळलेली नाही.

सुट्टी मिळाली की दोघं या. झोपायला जागा करू. पण खोली आता माझी आहे.

लिहीत जा, लोभ वाढता असू दे.

तुझी,
ताई