शेवटची एक फाईल जात नाही

बुधवार, सकाळचे साडेनऊ
दुकानातल्या टेबलावरून

आधी मला हे सांग, त्या संगणकाला सोळा हात लावायची अक्कल तुला कुणी शिकवली? गेल्या शुक्रवारी तू फोनवर ती लांबलचक ओळ सांगितलीस, केबलवाल्यानं ती काळ्या खिडकीत टंकली, शेवटी सोळाचा आकडा घातला, आणि डब्याच्या पोटात कुणी अक्रोड फोडत बसल्यासारखी कटकट सुरू झाली. केबलवाला म्हणाला, "मावशी, ह्या डिस्कचं वय झालंय. सोळा जणांनी एकाच कपाटात हात घातला तर कुणालाच काही सापडत नाही." त्यानं सोळाचे आठ केले, तेव्हा कुठं ती कटकट थांबली. तू एवढी शिकलेली आणि तो दहावी नापास. लक्षात असू दे.

आता रीतीचं. चि. भिंगरी हिस आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझ्या ऐकण्यातला कधीच नव्हता. तुझी आई बरी असेल. तू वेळेवर जेवतेस का, हे विचारत नाही, कारण तू खोटंच सांगशील.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस. कागद बोलत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले ते आज कामाला येतंय. अक्षरावर हसू नकोस.

दुकानाचं सांगते. आजोबांची पाटी उतरवली. फोटो काढायचा पांढरा पडदा गुंडाळून ठेवलाय, दोन्ही दिवे गेले, फिरती खुर्ची कुणी फुकट नेईना म्हणून माझ्या खोलीत ठेवली. आता फक्त हे टेबल, त्यावरचा डबा आणि मी. परवा शुक्रवारी मालकाला किल्ली द्यायची आहे. भिंतीवर जिथं जिथं फोटो होते तिथं चौकोन राहिलेत, पांढरे. घर मालकाचं, चौकोन आपले.

तुझे फोटो सगळे पोचले म्हणालीस. ते मी इथं बसून बघितलं. आठ-आठ फायली एकदम निघायच्या. एक पोचली की तो हात रिकामा, लगेच दुसरी उचलायचा. हजारो फोटो, लोकांच्या टेपांवरून उतरवलेल्या लहानसहान चित्रफिती, सगळं शनिवार दुपारपर्यंत तुझ्याकडं. एवढं सामान मी पायांनी हलवायला घेतलं असतं तर माझी तिसरी पिढी पोचवत बसली असती. कौतुक करत नाहीये, सांगतेय.

आणि मग राहिली ती एक.

उठून बघून आले. सात टक्के.

तुला मी विचारलं होतं, आठ हात आहेत तर आठ जणांनी मिळून ती एक का नेऊ नये? तू म्हणालीस, "आजी, एक फाईल एकाच हातात. बाकीचे सात नुसते बसून राहणार." म्हणजे अगदी आपल्या घरासारखंच. ऐंशी जीबीची ती एक आणि तिला एकच वाहणारा, तोही आंधळ्यासारखा चाचपडत चाललाय. सकाळी नऊला निघाली की संध्याकाळी सहाशिवाय पोचत नाही.

आणि रोज साडेचारला तुटते. शनिवारी तुटली. रविवारी तुटली. सोमवारी तुटली. काल तुटली. दर वेळी दुसऱ्या दिवशी शून्यापासून.

तू शोधून काढलंस, ते यंत्र आपलं आपण सगळं लिहून ठेवतं, कधी निघालं, कधी तुटलं. मला माहीत नव्हतं. आपल्या घरात न बोलता लिहून ठेवणारं माणूस एकच होतं, ते गेलं असं मी समजत होते. काल फोनवर तू म्हणालीस, "आजी, रोज साडेचारलाच कसं तुटतं? त्या वेळी तिथं कोण असतं?"

मी म्हणाले, झाडणारी येते. तिचा झाडू वायरीला लागत असेल.

चहा करून येते.

दहा वाजून गेले. अकरा टक्के. चहा करायला गेले आणि न करताच परत आले. दूध ओट्यावर राहिलंय.

केबलवाल्यानं आज सकाळी तुझ्या सांगण्यावरून त्या ओळीत एक अक्षर वाढवलं. म्हणाला, "मावशी, आता मधे तुटलं तरी जिथं तुटलं तिथूनच पुढं जाणार. पहिल्यापासून नाही." त्याला वाटलं मी खूश होईन. मी म्हटलं, बरं झालं. तो डब्याला कान लावून पुढं म्हणाला, "पण लवकर आटपा. हा आता दोन-चार दिवसांचा पाहुणा." आणि गेला.

ती फाईल कसली आहे असं तू दोनदा विचारलंस. मी म्हणाले, आजोबांचं काहीतरी असेल. आजोबांचंच आहे. त्यांनी तिला नाव दिलंय, "ठेवायची". एवढंच. बाकी सगळ्यांची नावं कशी, गिऱ्हाईक, तारीख, विषय. हिला नुसतं "ठेवायची". तीन वेळा डबे बदलले त्यांनी, आणि तिन्ही वेळा ती जुन्यातून नव्यात नेली. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

शनिवारी केबलवाल्यानं ती उघडली, चालते का बघायला. पडद्यावर हेच टेबल. ह्याच बाजूनं. पंधरा वर्षांपूर्वीचं. टेबलावर टेप चालवायची दोन यंत्रं, आणि समोर मी, हातात फडकं. त्यानं पुढं सरकवली तर माझा आवाज आला. दुकानभर. तो भला माणूस आहे. लगेच आवाज बंद केला आणि म्हणाला, "आवाजात बिघाड दिसतोय, बाकी चांगली आहे." आणि माझ्याकडं न बघता पिशवी उचलून निघून गेला. मग मी दाराला कडी लावली आणि एकटीनं बघितली.

त्या दिवशी साडेचारला मी वायर उपटली. रविवारी मीच, सोमवारी मीच. काल मीच. झाडणारी साडेचारला येते म्हणून साडेचारला. वाचलंस? आता हा कागद फाडायचा नाही, मीही आणि तूही.

बाराला वीस कमी. सत्तावीस टक्के. दोनदा उठले, दोन्ही वेळा तेवढेच.

आता नीट सांगते, म्हणजे परत सांगावं लागणार नाही.

तुझा बाप गेल्यावर तुम्ही दोघी इथंच, तिच्या माहेरी होतात. तू सात वर्षांची. दुकान तुझी आईच चालवायची, आजोबा नुसते गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. एक घड्याळजी त्याची टेप घेऊन आला. त्याच्या बायकोची. बायको गेलेली. टेपवर ती खिडकीत बसून सुईत दोरा ओवतेय आणि ह्याला रागावतेय, "बंद करा ते, माझे केस बघा कसे झालेत." एवढंच होतं, दहा-अकरा मिनिटं. तिची हलती-बोलती तेवढीच शिल्लक. तुझ्या आईनं टेप यंत्रात लावली, टेबलाकडं तोंड केलेल्या कॅमेऱ्याची चाचणी चालू होती ती तशीच सोडली, आणि तुला शाळेतून आणायला गेली. "यंत्राला हात लावू नकोस गं आई," म्हणाली. जाताना मागं वळून परत म्हणाली.

मी टेबल पुसायला घेतलं. यंत्र घूं घूं करत होतं, माझं डोकं दुखत होतं. मला वाटलं, घटकाभर बंद करावं. बटणांवर बारीक अक्षरं, तीही परकी. एक लाल होतं. लाल म्हणजे थांबा, रस्त्यावर तेच, चुलीच्या बटणाला तेच. मी लाल दाबलं. ते थांबायचं नव्हतं, त्यावर नवीन भरायचं होतं.

बाई खिडकीतून गेली. पडदा काळा. मी बघत उभी राहिले. मला कळलं.

इथं मी खोटं बोलू शकते, की कळलं नव्हतं. पंधरा वर्षं तेच बोलले. पण फाईलमध्ये माझं तोंड दिसतंय, भिंगरे. ज्याला कळलेलं नसतं त्याचं तोंड तसं नसतं. मी फडकं खिशात कोंबलं आणि मागच्या खोलीत खाटेवर जाऊन बसले.

तुझी आई आली, घड्याळजी आला, टेप लावली, आणि काही नाही. घड्याळजीनं टेप खिशात घातली आणि गेला. आजोबांनी विचारलं, कसं झालं? आणि तुझी आई तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "हिचं लक्ष असतं कुठं? नवरा सांभाळता आला नाही, ही दुसऱ्याची टेप काय सांभाळणार."

तेही आहे फाईलमध्ये. आवाज स्वच्छ आहे. बिघाड नाही.

तिनं फक्त माझ्या खिशाकडं बघितलं. फडक्याचं टोक बाहेर होतं. तिला कळलं होतं की नाही, मला आजवर ठाऊक नाही. संध्याकाळी तुझं दप्तर आणि एक बॅग घेऊन ती गेली. लोकांना मी सांगितलं, स्वतःच्या मर्जीनं गेली. आजोबा गेले तेव्हा ती आली होती, उंबऱ्यात उभी राहिली, त्यांना बघितलं, आणि गेली. माझ्या वाटेवर तिनं पाऊल टाकलं नाही. मीही दोन पावलं पुढं गेले नाही. गुडघा दुखत होता, असं म्हणायला बरं.

अडीच. एकसष्ट टक्के. जेवले नाही. भूक नाही.

तुला वाटेल, म्हातारी मरणाच्या भीतीनं सुधारली. तसलं काही नाही. मी काल वायर उपटली तेव्हा आजही उपटणार होते. अक्षर वाढवलं तरी शुक्रवारपर्यंत रोज थोडी थोडी तोडत राहिले असते, तोवर डिस्कनं मान टाकली असती, आणि सुटले असते. पण तुझ्याशी फोन झाल्यावर केबलवाला झाडणारीला म्हणाला, "उद्यापासून तू दुकानात येऊ नकोस. तुझं लक्ष नसतं." मी मागच्या खोलीत होते. तीच खोली. तीच खाट. ऐकलं आणि गप्प बसले. आणि बसल्या बसल्या हात खिशात गेला, खिशात काही नसताना.

पंधरा वर्षं झाली आणि मी अजून त्याच खाटेवर, तेच करतेय.

आज सकाळी केबलवाल्याला सांगितलं, तिला यायला सांग.

चार वाजले. ब्याऐंशी. आज जरा जोरात चाललंय, का मला वाटतंय? आता ही वही घेऊन मी वायरीकडं पाठ करून बसलेय. तरी दोनदा मान वळली.

पाच. मघाशी झाडणारी आली. मी म्हणाले, "बाई, तुझा हात लागला नव्हता. माझा लागला होता. मुद्दाम."

ती म्हणाली, "ठाऊक होतं."

"कसं काय?"

"टेबलामागची धूळ रोज वायरीपुरती पुसलेली असायची. मी टेबलामागं कधी झाडू घालते, मावशी?"

असली कामचोर आहे ती, आणि मी तिच्यावर आळ घेतला वायर हलवल्याचा. मग म्हणाली, "तिकडं पण कुणाला सांगायचं असेल तर सांगून टाका. मला काय, मी उद्या विसरेन. घरचं माणूस विसरत नाही." आणि टेबलापुढंच झाडून गेली.

साडेचार होऊन गेले ते मला नंतर लक्षात आलं.

पाच चाळीस. सत्त्याण्णव. कटकट परत सुरू झालीय. अक्रोडच. उभीच आहे, उभ्यानंच लिहितेय, अक्षर लागेल तसं वाच.

अठ्ठ्याण्णव. अडकलं. नाही, चाललंय.

शंभर. काळ्या खिडकीत खाली काहीतरी रेघा आल्या आणि थांबलं. मला वाचता येत नाही, पण "चुकलं" ह्या रकान्यात तू सांगितलंस तसं शून्य आहे. आठही हात रिकामे.

पत्र मिळेपर्यंत फाईल तुझ्याकडं असेलच. ती तू उघडायची नाहीस. भांडण तुझं नाही, आणि तुझी आजी त्यात काय बोलते ते तुझ्या कानांसाठी नाही. आईला बसव, तिच्यासमोर लाव, सुरुवातीपासून सव्वादोन तास पुढं सरकव, आणि खोलीतून बाहेर जा. हा कागदही तिलाच दे. माफी मी कागदावर मागत नाही, कागदावर मागायला सोपं असतं. तिनं बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर किल्ली देऊन माझ्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसेन.

तुझी आजी

उत्तर तू लिहायचं नाहीस, भिंगरे. फोनही करायचा नाहीस. उत्तर तुझ्या आईनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. शिव्या असल्या तरी चालतील, कोरा कागद चालणार नाही.