बांधीच्या मधोमध उतरलेलं विमान

अड्याळ,
पोळ्याच्या आधीचा सोमवार

प्रविणभाऊंना अड्याळहून तुमच्या घरच्या जावयाचा, म्हणजे खुशालचा, मनापासून रामराम आणि वहिनींना वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते. ती का धरते, ते पुढे येईलच.)

तुमचा खोकला आता कसा आहे? तुमसरच्या मिलमध्ये दिवसभर कोंड्यात उभं राहून खोकला जात नसतो, असं मी म्हटलं की तुम्ही विचारता, खुशाल डॉक्टर कधी झाला? डॉक्टर नाही झालो, भाऊ. पण या पावसाळ्यात वैमानिक मात्र होता होता राहिलो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. फोन तुमच्या बहिणीच्या, तृप्तीच्या, ताब्यात आहे. त्यालाही कारण आहे. बाकी इकडे आई ठणठणीत आहे, धानाचा रोवणा आटोपला, पिकाला रंग चांगला आहे. तुडतुडे मात्र यंदाही पाहुणे म्हणून आले आहेत आणि जायचं नाव घेत नाहीत. (हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही पोळ्याला या आणि हवे तितके दिवस राहा.)

तृप्तीच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. तो उडवायला गटातल्या एकीने शिकायचं होतं आणि सगळ्या बायांनी एकमुखाने तृप्तीचं नाव घेतलं. गटाच्या बैठकीत ती कमी बोलते म्हणून घेतलं म्हणे. (तिथली कसर ती घरी भरून काढते.) ती शिकली, परीक्षा पास झाली, आता फक्त एक गोष्ट अडली आहे. ड्रोनसोबत एक सहायक लागतो. त्याने टाकी भरायची, बॅटऱ्या वाहायच्या आणि फवारणी चालू असताना वावराच्या पलीकडच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून हात दाखवायचा. गटाच्या अध्यक्ष सत्यभामाबाई आपल्या भाच्याचं, सचिनचं, नाव पुढे करत आहेत. तृप्ती म्हणते, पोळ्यानंतर सांगीन. मी तर स्पष्टच सांगून टाकलं आहे की ते काम माझं नाही. ज्याने स्वतः विमान चालवलं, त्याने पाण्याच्या बादल्या वाहाव्यात, हे शोभत नाही. सचिनला घ्या नाही तर आणखी कुणाला घ्या, मला काय त्याचं.

तर मूळ हकीकत. तृप्तीचं प्रशिक्षण ठरलं, तेव्हा मला वाटलं की नवरा म्हणून आपलंही काही कर्तव्य आहे. बाईमाणूस, त्यात विमानाचा मामला. (हे वाक्य मी घरात एकदाच बोललो. आईने माझ्या पुढचं ताट मागे ओढलं.) तिच्या आधी आपण शिकून घ्यावं, म्हणजे ती अडली की सांगता येईल, अशा विचाराने मी मोबाईलवर विमानाचा एक खेळ उतरवून घेतला. भाऊ, काय तो खेळ! विमान पुढे, आपण त्याच्या शेपटीमागे, खाली नद्या, पूल, बर्फाचे डोंगर. वाटेत सोन्याची नाणी लटकलेली, ती खात खात जायचं. डोंगरावर आपटलं तर विमान फुटतं, आणि आपण अरेरे म्हणेपर्यंत नवंकोरं विमान हजर. मधेच रमीची नाही तर केसांच्या तेलाची जाहिरात येते, तेव्हा कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवायचं की ती पळाली. सात-आठ दिवसांत माझा अंगठा असा तयार झाला की जाहिरात पुरती दिसायच्या आत फुली दाबलेली असे. जेवताना, बैलांना पाणी पाजताना अंगठा आपला चालूच. आई घाबरली. म्हणाली, “खुशाल, आंगठा काहून वाकवून राहिला रे? वारं त नाही गेलं?” त्या खेळात आपल्या फोनवरच्या सर्वांत जास्त गुणांची यादी असते. तिच्यात दोन नंबरपासून खाली सगळा मीच होतो. एक नंबरला मात्र एक आकडा असा होता की तो मला शेवटपर्यंत गाठता आला नाही. माणसाने खेळत राहावं म्हणून कंपनीनेच तो वर टांगून ठेवला असावा, असं माझं अनुमान आहे.

मग भंडाऱ्याचं प्रशिक्षण सुरू झालं. तृप्तीला मोटारसायकलवर न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. तिथले अतुल सर वयाने लहान, पण स्वभावाने फार सोशीक. बाहेर बसून कंटाळलेले नवरे पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी आम्हालाही सिम्युलेटरवर बसू दिलं. सिम्युलेटर म्हणजे काय, तर समोर कॉम्प्युटर, हातात खराखुरा रिमोट आणि पडद्यावर एक हिरवं वावर. वावर इतकं सपाट आणि चौकोनी की असं एखादं आपल्या तालुक्यात असतं तर त्यावरून खून पडले असते. मी विचारलं, नाणी कुठे आहेत? सर म्हणाले, नाणी नाहीत. गाणं? गाणंही नाही. काम काय, तर ड्रोन डोक्याएवढा वर उचलायचा आणि तिथेच थांबवायचा. नुसता थांबवायचा! आता बैलगाडी थांबवायला कुणी शिकवणी लावतं का?

पुढचा धडा त्याहून वाईट. ड्रोन दूर न्यायचा, वळवायचा आणि आपल्याकडे परत आणायचा. इथे एक भानगड आहे, भाऊ. खेळात आपण सदा विमानाच्या मागे असतो, त्यामुळे डावं ते डावं. इथे आपण धुऱ्यावर उभे, आणि ड्रोन तोंड करून आपल्याकडे आला की त्याचं डावं आपलं उजवं होतं. मी जन्मभर बैलांच्या मागे चाललेला माणूस. बैल माझ्याकडे तोंड करून आला, तर मी कासरा ओढत नाही, पळतो. झाड चुकवावं म्हणून मी डावीकडे दाबलं आणि ड्रोन शोधत शोधत त्याच झाडात गेला. मी नव्या ड्रोनची वाट पाहत बसलो. तो येईना. अतुल सर शांतपणे म्हणाले, “काका, का पडला ते सांगा. मग दुसरा देतो.” खेळात आणि सिम्युलेटरमध्ये फरक म्हणाल तर एवढाच आहे. खेळ नवं विमान देतो आणि सिम्युलेटर कारण विचारतो. मला कारण विचारलेलं लग्नापासून आवडत नाही. मी चहा प्यायला निघून गेलो.

तुमची बहीण मात्र तिथून हलेना. घरी आली की कणकेच्या गोळ्यात दोन मिरच्या उभ्या खोचायची, तो झाला रिमोट. ड्रोन म्हणून तिने आईला घेतलं. म्हणजे आईने अंगणात तुळशीपासून तिच्याकडे चालत यायचं आणि तृप्तीने मिरच्या हलवत डावं-उजवं सांगायचं. आईला ड्रोन होणं फार आवडलं. उड्डाण उत्तम करायची, फक्त उतरताना शेजारच्या ओट्यावर उतरायची आणि गप्पांत बॅटरी संपेपर्यंत परत यायची नाही.

शेवटी खऱ्या सरावाला वावर हवं होतं. मी मोठ्या मनाने आपली तळ्याकाठची धानाची बांधी देऊ केली. गटाच्या बाया आल्या, त्यांच्यासोबत सचिनही आला, अतुल सर लहान सरावाचा ड्रोन घेऊन आले, टाकीत नुसतं पाणी. तृप्तीने उडवला, परत आणला, पायाशी अलगद उतरवला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सरांना म्हटलं, वावर माझं आहे, एक फेरी मलाही मारू द्या. सर भिडस्त. त्यांनी नवी बॅटरी लावली, बाजूला उभे राहिले आणि बजावलं की काका, ड्रोनचं तोंड फिरवू नका, नुसता सरळ न्या आणि सरळ मागे आणा. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि सरांचे दोन्ही हात कपबशीत अडकले.

आता तुम्ही शेतकऱ्याचं पोर आहात, तुम्हीच सांगा. बांधीत काम करायचं म्हणजे कसं? कडेकडेने सुरुवात करायची, नांगराचे गोल गोल तास घेत आत जायचं आणि मधोमध संपवायचं. आजोबांनी असाच नांगर धरला, बापाने धरला, मीही धरतो. मी ड्रोनही तसाच धरला. पहिला तास धुऱ्याला लागून, दुसरा त्याच्या आत, तिसरा त्याच्या आत. इतके सुबक तास की सरही चहा विसरून पाहत राहिले. तेवढ्यात रिमोटवर काहीतरी पाटी आली आणि टुंटुं वाजायला लागलं. अंगठा तयारच होता. मी फुली दाबली. थोड्या वेळाने दुसरी पाटी आली, तीही घालवली. मग मधला तास पूर्ण झाला आणि विमान आपण होऊन, अगदी शहाण्यासारखं, बांधीच्या मधोमध गुडघाभर चिखलपाण्यात जाऊन बसलं.

तृप्तीने विचारलं, “बॅटरी संपून राहिली, वापस येतो, असं सांगत होतं ते. तुमी काय दाबलं?”

मी म्हटलं, “जायरात होती. काढली.”

“आन मधात कायले नेलं?”

मी तासाचं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, “नांगर बैलाच्या पायानं बाहेर येते. हे कोणाच्या पायानं येईन?” सगळ्या बाया हसल्या. सचिन तर धुऱ्यावर बसूनच हसला.

ते माझ्या पायाने आणावं म्हणून मी आत शिरलो, चौथ्या पावलावर चप्पल चिखलात राहिली आणि मी चपलेच्या मागे बसलो. (कंबर ती हीच.) शेवटी तुमच्या बहिणीने पदर खोचला, एक रोप न तुडवता आत गेली आणि तो ड्रोन रोवण्याची पेंढी आणावी तसा डोक्यावर ठेवून बाहेर आणला. एक पंखा मोडला होता. अतुल सर मला काही बोलले नाहीत. तृप्तीला बोलले, आणि तेच मला लागलं. त्या दिवसापासून फोन तिच्याकडे आहे आणि खेळ काढून टाकला आहे. आई म्हणते, यंदा पोळ्याच्या तोरणाखाली बैलांसोबत ड्रोनलाही उभं करा, तो खुशालपेक्षा जास्त ऐकतो.

पण खरं सांगू, भाऊ? परीक्षेच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो. तिने ड्रोन पार लांब नेला, तोंड फिरवलं आणि परत आणायला लागली. माझा उजव्या-डाव्याचा सगळा गोंधळ झाला, डोळे मिटून घेतले. उघडले तर तो तिच्यासमोर जमिनीवर होता. मला फार अभिमान वाटला. तो मी तिला अजून बोलून दाखवलेला नाही. योग्य प्रसंगाची वाट पाहतो आहे.

खोकल्याला मध आणि अडुळसा घ्या. वहिनींना सांगा, येताना मुरमुरे आणू नका, घरी पोतंभर आहेत.

तुमचाच,
खुशाल

ता. क. भाऊ, ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. पोळ्याला आलात की सहज विषय काढल्यासारखं करून म्हणा, सहायक घरचाच बरा. सचिनला अजून धड धुऱ्यावर चालता येत नाही. मी टाकी रोज धुतो आहे, कुणी सांगितलं नसताना. बादल्याही वाहीन. फक्त पलीकडच्या धुऱ्यावर मला उभं राहू द्या.

दुसरा ता. क. हे मी लिहिलं, असं तिला कळू देऊ नका. पत्र भाताच्या शिताने पक्कं चिकटवतो आहे.

*

दादा, मी तृप्ती. शीत मागतलं तवाच समजलं का हे काईतरी चिकटवून राहिले. सासूबाई म्हणे वाच, म्हून वाचलं. सहायक म्हून यायचंच नाव मी पयल्याच दिवशी देऊन ठेवलं आहे. त्या कॉम्प्युटरातल्या वावरात पलीकडच्या धुऱ्यावर कोणीच उभं नसते, मले तेच भेव वाटे. आन खेळातला तो एक नंबर कंपनीचा नाही, माझा हाय. हे दुपारी झोपले का मी खेळो. पण पोळ्यापर्यंत यायले काईच सांगजो नोको. टाकी लय चांगली धुऊन राहिले.