आपल्या गुडघ्यास नम्र विनंती

परमादरणीय मेहुणेराव दादासाहेब यांच्या चरणी, त्यांच्या एकुलत्या एका भगिनीच्या एकुलत्या एका पतीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही उभयता येथे सुखरूप आहोत. निदान हे वाक्य लिहावयास घेतले तेव्हा होतो. आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचा खोकला शमला असेलच. आपल्या डाव्या गुडघ्याविषयी मात्र मला विशेष जिज्ञासा आहे. तो अद्याप पूर्ण बरा झालेला नसावा, अशी मी मनोभावे प्रार्थना करीत आहे. (रागावू नये. या प्रार्थनेमागील कार्यकारणभाव पत्राच्या अंती उलगडेल. तोपर्यंत त्यास तेल चोळणे स्थगित ठेवावे.)

पत्रास कारण की, आमचे घर विकावयास निघाले आहे. 'आमचे' हा शब्द मी भावार्थाने योजिला आहे. कायद्याच्या कोरड्या दृष्टीने ते चष्मेवाल्या मालकांचे असून आम्ही तेथे अकरा वर्षे भाड्याने नांदत आहोत. मालकांनी आयुष्यभर लोकांना चष्मे दिले. आता दुकान आवरून ते मुलीच्या गावी राहावयास निघाले आहेत. महिन्यापूर्वी ते स्वतः येऊन सांगून गेले की पहिला हक्क तुमचा, आणि त्यांनी किंमत उच्चारली. ती ऐकून मी कपाऐवजी रिकामी बशीच ओठांस लावली, असे आपली भगिनी सांगते; मला स्मरत नाही. माझा चेहरा पाहून मालक दयार्द्र झाले असावेत. जाताना म्हणाले, "दोन महिन्यांत चांगलं गिऱ्हाईक नाही आलं, तर थोडा खाली येईन. मलाही ताटकळत बसायचं नाही." दादासाहेब, या एका वाक्यावर मी माझ्या मोहिमेची संपूर्ण इमारत उभारली.

येथे उपनगराचे माहात्म्य सांगणे प्राप्त आहे. आम्ही राहावयास आलो तेव्हा टॅक्सीवाले आम्हांस पुलापाशीच उतरवीत आणि 'पुढचं तुम्ही बघा' अशा मुद्रेने निघून जात. शहराच्या मनोऱ्यावरचे घड्याळ आमच्या गच्चीवरून दिसते, एवढे शहर जवळ. परंतु येथे राहतो असे सांगितले की ऐकणारा सहानुभूतीने मान हलवी. आता काळाचा महिमा पाहावा. नाक्यावर जेथे टायरचे पंक्चर काढीत, तेथे चार खुर्च्या मांडून कॉफी देतात. ट्यूब बुडवून बुडबुडे पाहण्याचे ते पत्र्याचे घमेले अजून तेथेच आहे. त्यात एक झाड लावले असून लोक त्याच्याशेजारी बसून छायाचित्रे काढतात. मालकांनी नेमलेल्या दलालाने या सर्व स्थित्यंतरास 'उदयोन्मुख' हा एकच शब्द मुक्रर केला आहे. "साहेब, एरिया उदयोन्मुख आहे," असे तो जिन्यावर म्हणतो, गॅलरीत म्हणतो, बंद पडलेल्या दिव्याखालीही म्हणतो. आम्ही त्यास आता उदयोन्मुख याच नावाने ओळखतो.

माझी योजना साधी आणि शास्त्रशुद्ध होती. उदयोन्मुखाने गिऱ्हाईक आणावे, मी घराची यथाशक्ती निंदा करावी, गिऱ्हाइकाने पळ काढावा, दोन महिने सरावे आणि किंमत आमच्या आटोक्यात यावी. या कार्यास मजहून लायक मनुष्य नव्हता. पाणीपुरवठा कार्यालयात गेली बावीस वर्षे मी 'तांत्रिक कारणास्तव पाणी येणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' अशी सूचनापत्रे रचतो. ओल, गळती आणि झिरपणे या त्रयीविषयी मला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. केवळ एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. ती गोष्ट म्हणजे आपली भगिनी.

तिला हे घर हवे आहे. किंमत ऐकली त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "मला दुसरीकडे झोप यायची नाही," आणि कणीक मळू लागली. तेव्हापासून मजवर हे कार्य येऊन पडले. मात्र ज्या घरासाठी मी हा असत्याचा मार्ग पत्करला, त्या घरास कोणी नावे ठेवलेली तिला क्षणभर सोसत नाहीत. मी ठेवलेलीही सोसत नाहीत. किंबहुना मी ठेवलेली तर मुळीच नाहीत.

प्रथम आले एक दंतवैद्य दांपत्य. त्यांच्या आगमनापूर्वी मी बैठकीच्या भिंतीवर स्पंजाने पाणी लावून ओलीचा एक मनोहर डाग निर्माण केला होता. (आकार साधारण एखाद्या बेटासारखा. कलाकृती म्हणून तो जतन करण्याजोगा होता.) डागाकडे बोट दाखवून मी दीर्घ निःश्वास टाकतो न टाकतो तोच भगिनी फडके घेऊन आली, तिने ते बेट पुसून टाकले आणि पाहुण्यांस म्हणाली, "हे यांचं काम आहे. भिंतीचा काही दोष नाही." दंतवैद्य माझ्याकडे, मग एकमेकांकडे पाहू लागले. त्यांनी घर घेतले नाही. उदयोन्मुखाकडून कारण कळले ते असे की घर उत्तम आहे, परंतु ज्या घरात राहून माणसाचे असे होते, तेथे राहावयास त्यांस धास्ती वाटते. विजय तो विजय, म्हणून मी तो स्वीकारला.

दुसऱ्या खेपेस एक गायनशिक्षिका आल्या. त्यांस शांतता हवी होती. मी तत्क्षणी पोट बिघडल्याचे निमित्त करून न्हाणीघरात गेलो आणि पान्याने नळाच्या पाइपावर प्रहार करू लागलो, जेणेकरून इमारतीचा जुनाट पाइप आक्रंदत असल्याचा भास व्हावा. तिसऱ्या प्रहारास सांधा निखळला. पुढील वर्णन मी संक्षेपाने करतो: मी नखशिखांत न्हालो, पाणी दाराखालून बाहेर गेले, आणि बाहेरून भगिनीचा अभिमानाने ओथंबलेला स्वर ऐकू आला, "बघितलंत, तिसऱ्या मजल्यावर किती दाब आहे पाण्याला?" गायनशिक्षिका प्रसन्न झाल्या. त्या केवळ जिने चढवत नाहीत म्हणून गेल्या. त्या वयोवृद्ध गुडघ्यांचे मी मनोमन आभार मानले. (गुडघ्याचे सामर्थ्य मला त्याच क्षणी उमगले, हे सुज्ञास सांगणे न लगे.)

तिसरा आला एक तरुण इंजिनिअर, आणि तेथे माझी पाचावर धारण बसली. हा मनुष्य बोलत नाही, ठोकतो. बोटाच्या पेराने त्याने प्रत्येक भिंत ठोकली, दारे ठोकली, मी मध्ये उभा होतो तेव्हा मजकडेही त्याने त्याच दृष्टीने पाहिले. मी त्यास शेजारच्यांची भांडणे, मुंग्या आणि उन्हाळ्यातील उष्मा ऐकवला. भगिनीने प्रत्येकाचे जागच्या जागी खंडन केले. शेवटी तो शयनगृहातील लोखंडी कपाटापाशी आला. (तेच कपाट, जे गेली सात वर्षे ती मला रंगकामासाठीही हलवू देत नाही. स्त्रियांस विशिष्ट वस्तूंचा विशिष्ट जागी लोभ जडतो. मी तात्त्विक वाद घालत नाही.) "हे जरा सरकवू या का?" असे त्याने विचारले. भगिनी, जी आजवर प्रत्येक आरोपास उत्तर देत आली होती, ती या वेळी एवढेच म्हणाली, "तुमचा चहा निवतोय." तो निमूट चहाकडे वळला. मला वाटले, अखेर तीही थकली. परंतु इंजिनिअर इतका संतुष्ट झाला की येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तो आपल्या मातोश्रींस घेऊन येणार आहे. त्यांनी मान डोलावली की इसार दिला जाणार, आणि अकरा वर्षांचा आमचा संसार टेम्पोत चढणार. तिला झोप कोठे यावी, हा प्रश्न मग मला आयुष्यभर पुरेल.

तरीही आपण चिंता करू नये. मी सज्ज आहे. मातोश्रींसाठी मी जलवाहिन्यांच्या जीर्णावस्थेवर अर्ध्या तासाचे व्याख्यान सिद्ध केले आहे. ऐकणाऱ्यास तहान लागेल आणि पाणी प्यावयाचे धैर्य होणार नाही, असे ते आहे.

वहिनींस नमस्कार. लोभ आहेच, तो आपल्या गुडघ्यापर्यंत पोहोचावा.

आपला आज्ञांकित,
भाडेकरू
(रविवारनंतर काय, ते आपल्या हाती, किंबहुना पायी)

ता. क. आता मुद्द्याचे. शनिवारी सायंकाळी आपला गुडघा असा काही आखडावा, की भगिनीस तातडीने बोलावणे धाडणे भाग पडावे. ती धावत येईल. आपल्यासाठी ती नेहमीच धावते. रविवारी दुपारी दोनपर्यंत तिला तेथे थांबवून घ्यावे. कण्हणे माफक असावे, अन्यथा ती मलाही सोबत आणील.

ता. क. दुसरा. फोन बैठकीत असल्याने हे सर्व पत्राने कळवीत आहे. गोपनीयतेची पूर्ण दक्षता घेतली आहे. पाकीट दोनदा डिंकाने चिकटवीन आणि पेटीत टाकण्यासाठी घरातील सर्वांत विश्वासू व्यक्तीच्या हाती देईन.

दादा,

पाकीट नेहमीसारखं टाकायला माझ्याकडेच दिलं. दोनदा डिंक लावलेला बघूनच कळलं की काहीतरी शिजतंय. किटलीच्या वाफेवर उघडलं.

आधी खूप हसले. मग कपाटाचं वाचलं आणि हसू थांबलं. त्या कपाटामागची भिंत खरंच ओली आहे. सात वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या पाइपातून झिरपतं. तेव्हाच यांना सांगितलं असतं, तर यांनी ऑफिसच्या भाषेत मालकांना चार पानं लिहिली असती आणि मालकांनी आम्हाला दुसरं घर बघायला सांगितलं असतं. म्हणून एका दुपारी साबणाचं पाणी ओतून कपाट एकटीने सरकवलं. यांना अजून पत्ता नाही. आणि हे पाणीखात्यात आहेत.

घराला कुणी खोटी नावं ठेवली की मला राहवत नाही. पण त्या मुलाने खरं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून चहा निघाला. फार लाज वाटली. दुसऱ्याच्या गळ्यात अशी भिंत कशी बांधायची? परवा मालकांकडे जाऊन सगळं सांगून आले. हे ऑफिसात असताना ते भिंग घेऊन आले आणि कपाटाच्या फटीतून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "जन्मभर लोकांची नजर तपासली, आणि माझ्या घरातलं मलाच दिसलं नाही." त्या मुलाला त्यांनीच फोन केला. ओल म्हटल्यावर त्याची आई यायलाही तयार नाही. मालक किंमत कमी करतायत, आम्हाला झेपेल एवढी. अट एकच, भिंत आम्ही दुरुस्त करायची.

यांना यातलं काही सांगितलेलं नाही. आरशासमोर व्याख्यानाची तयारी चालली आहे, हातवारे करून. इतके खुशीत मी यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. रविवारी दहाला दार वाजेल तेव्हा मालक उभे असतील, कागद घेऊन. तोवर राहू दे.

तू मात्र नक्की ये. गुडघा बरा असला तर कपाट सरकवायला, आणि नसला तर खुर्चीत बसून यांना ते कुठे धरायचं ते सांगायला.