सायकलवरून वाडीला

६ डिसेंबर १९९८
नात संजनाला लिहायला बसवलंय. मला अक्षर येत नाही, अक्कल येते. पावसाळ्यात सांडोरच्या आमच्या केळीच्या वाडीत पाटात घसरले, गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद, सायकल मारा. मुलगा हरेश्वरने जागची न हलणारी सायकल फ्लॅटमध्ये आणून ठेवली. म्हणाला, संक्रांतीला आपल्या पायांनी वाडीत शिरलीस तर वाडी ठेवू, नाहीतर बिल्डरला. बघच म्हटलं. संक्रांतीला मी तिथे केळी सोलून सुकेळी वाळत घालत असेन.

९ डिसेंबर
सहाला उठायचं ठरवलं. नऊला उठले. थंडी. दहा मिनिटं मारली. सून मनोरमा म्हणाली, आई, पाय नुसते लोंबताहेत. तिची नजर अधू. तिने निवडलेल्या तांदळातले खडे चावतानाही कळतं.

१५ डिसेंबर
मीटरवर एक किलोमीटर. संजना म्हणाली, आजी, बटण पार सैल केलंयस, घट्ट केलं तर व्यायाम होतो. म्हटलं, मी व्यायामाला नाही, वाडीला निघालेय.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
शेजारची बर्था केक घेऊन आली. तिला मीटर दाखवला. म्हणाली, मावशी, जरा उभ्या राहून दाखवा. म्हटलं, मी काय लग्नाची मुलगी आहे?

२ जानेवारी १९९९
चार किलोमीटर! म्हणजे वाडीचं फाटक आलं. नंतर दोघांनी उचलून पलंगावर ठेवलं. एवढ्या लांबून आल्यावर कोणीही दमेल.

८ जानेवारी
धाकटी जाऊ जिजा वाडीच्या शेजारीच राहते. तिला फोन लावला. राजेळी केळींना किती घड आलेत विचारलं. नुसती खोकत राहिली. जळते. पहिल्यापासून.

१४ जानेवारी, संक्रांत
नवं लुगडं. रिक्षा फाटकाशी थांबली. सगळ्यांना लांब व्हा म्हटलं. डावा पाय खाली टेकला, तो माझा नव्हताच. मनोरमाने काखेत धरलं म्हणून तोंड फुटलं नाही. तशीच लोंबकळत आत पाहिलं. एक केळ उभी नाही. विहीर बुजवलेली. जिजा म्हणाली, दिवाळीलाच बिल्डरने तोडली वयनी, हरेश्वर म्हणाला सांगू नका. हरेश्वरला विचारलं, मग सायकल कशाला आणलीस. म्हणाला, तू रोज वाडीला ने म्हणून मागे लागायचीस, आई. सायकल आल्यापासून घरात शांतता होती.

१५ जानेवारी
सकाळी मनोरमाने विचारलं, आई, आज सायकल मारणार का? नसाल तर तिच्यावर टॉवेल वाळत घालते.
घाल म्हटलं.